बुरुजावरची पाठशाळा

विषय : पोटचे मूल राजपाठशाळेत न धाडता घरीच शिकवण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : राजाची दवंडी, आणि एका बापाचे बालपण.

वरील विषयाची हकीगत अशी, की फार फार वर्षांपूर्वी, राजे शहाणे आणि दरबार त्याहून शहाणे असत त्या काळी, नदीकाठच्या एका नगरात घटका मोजणारा एक माणूस राहत असे. वेशीच्या बुरुजावर पाण्याने भरलेले पितळी घंगाळ होते. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी त्यात तरंगायची, हळूहळू भरायची आणि बुडायची. वाटी बुडाली की घटका सरली. मग हा माणूस घंटेवर टोला द्यायचा आणि रिकामी वाटी पुन्हा पाण्यावर सोडायचा. त्याच्या टोल्यावर नगर जेवायचे, झोपायचे, मुहूर्त साधून लग्नेही लावायचे. ती लग्ने पुढे कशी निघत, याची जबाबदारी मात्र त्याच्यावर नव्हती.

एके दिवशी दवंडी पिटली. सात वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीने येत्या पाडव्यापासून राजधानीच्या पाठशाळेत राहून शिकावे. वर्षातून एकदा, दिवाळीला, घरी सोडण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास अर्ज करावा.

शहाण्या लोकांनी अर्ज केला नाही. त्यांना दरबार ठाऊक होता.

घटका मोजणाऱ्याला सात वर्षांची एकुलती एक लेक होती, सगुणी. ती जाणार म्हटल्यावर त्याला स्वतःचे लहानपण आठवू लागले. याच बुरुजावर, वडिलांच्या घोंगडीचे एक टोक पांघरून, तो वाटीकडे बघत बसायचा. वडील बोलत असायचे. नदी कुठून येते, पारवे घरटे असे गबाळे का बांधतात, पलीकडच्या काठावरचे लोक कुठल्या देवाला नवस बोलतात. चिंचेने घासलेल्या घंगाळाचा वास, भाजलेले शेंगदाणे आणि तो संथ आवाज. पाठशाळेचे तोंड न बघता तो लिहायला-वाचायला शिकला होता. कसा, ते मात्र त्याला आठवत नव्हते.

"मी शिकवीन तिला," तो बायकोला म्हणाला. "माझ्या बाबांनी मला शिकवलं तसं."

"शिकवा की," बायको म्हणाली. "पण आधी दरबारात जाऊन या. नाहीतर शिपाई यायचे दारात."

दरबारातल्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

"कारण काय लिहिलंय हे? 'मुलगी माझी आहे'?"

"हो."

"हे कारण नव्हे, ही वस्तुस्थिती झाली. दुसरं सांगा."

"मलाही वडिलांनी घरीच शिकवलं होतं."

कारकुनाने त्याला पगडीपासून वहाणांपर्यंत न्याहाळले. "हे लिहू नका. अर्जाचं नुकसान होईल." मग त्याने अर्ज इतर अर्जांखाली सरकवला आणि जांभई दिली. "निर्णय होईपर्यंत जैसे थे. मुलगी आहे तिथं राहील. पण तपासनीस येईल हो कधीतरी. पोरगी कोरी सापडली, तर त्याच पावली पाठशाळेत नेईल."

आता घटका मोजणाऱ्याला वेळेचे फार कळे. जन्म त्यातच गेला होता. त्याने बुरुजावरच घरशाळा मांडली आणि तिची आखणी केली : एक घटका अक्षरे, एक घटका पाढे, एक घटका नीतिकथा. टोला पडला की विषय बदलायचा. तपासनीस कधी टपकेल सांगता येत नाही. क्षणभरही वाया जाता कामा नये.

कथेतला कोल्हा विहिरीत पडला, की टोला.

"बाबा, मग तो वर आला का?"

"ते उद्या. आता पाढे."

"रात्रभर तो आतच राहणार?"

"सतराचा पाढा म्हण."

सगुणी म्हणायची. हळूहळू तिने कोल्ह्याबद्दल विचारणे सोडले, नदीबद्दल सोडले, मग काहीच विचारीनाशी झाली. वाटी बुडायला आली की तिचे खांदे आक्रसायचे. पाडवा उलटला, गल्लीतली मुले बैलगाड्यांतून राजधानीला गेली. एका सकाळी ती पाटी बाजूला ठेवून म्हणाली, "बाबा, मलाही पाठशाळेत धाडा ना. तिथं निदान मुलं तरी असतील."

बापाच्या हातातली मोगरी हातातच राहिली. टोला चुकला. नगराचे जेवण उशिरा झाले, आणि त्याबद्दल त्याला बोलणी बसली, तो भाग वेगळा.

"मी तिला जवळ ठेवायला इतका आटापिटा केला," तो बायकोपुढे हताश होऊन बसला, "आणि तिला इथून जायचंय!"

"अहो, जवळ कुठं ठेवलीत? पाठशाळेवर रागावलात आणि तीच उचलून घरी आणलीत. सोबतीची पोरं तेवढी तिथं ठेवलीत." ती भाकरी थापत होती, थांबली. "मामंजी टोला द्यायचे तेव्हा काय करायचे, आठवतंय का?"

त्याने डोळे मिटले. वडील बोलता बोलता उठायचे, टोला द्यायचे, वाटी पाण्यावर सोडायचे आणि घोंगडीत परत येऊन वाक्य जिथे सोडले तिथून पुढे उचलायचे. घंटा नगरासाठी होती. त्याच्यासाठी ती कधी वाजलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोल्हा विहिरीतून वर आला. टोल्यामागून टोले पडले, पण तो कसा आला ते पुरते सांगून झाल्याशिवाय बाप थांबला नाही. गल्लीतली धाकटी भावंडे, ज्यांना दरबाराची दवंडी अजून लागू झाली नव्हती, त्यांनाही त्याने बुरुजावर बोलावून आणले. सगुणीच त्यांना अक्षरे गिरवायला शिकवू लागली, आणि शिकवता शिकवता तिची पक्की झाली. पाढे होतेच, फक्त ते आता शेंगदाण्यांच्या वाटणीत येत, म्हणून कोणी चुकत नसे.

यथावकाश तपासनीस आला. त्याने सगुणीला पुढे बोलावले.

"काय गं, आज काय शिकलीस?"

"बाबांना काय येत नाही ते," सगुणी म्हणाली. "दिवसा चंद्र का दिसतो, त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला आहे?"

तपासनीसाने पगडी सारखी केली. "तो नियमानुसार दिसतो."

"कुठल्या?"

तपासनीस खाली बसला. त्याने तिच्याकडून वाचून घेतले, लिहून घेतले, हिशेब घातला. सगळे बरोबर आले. मग बाप नेहमीची गोष्ट सांगू लागला. वाटी बुडाली, टोला झाला, तरी तपासनीस उठेना. अखेर त्याने शेरा मारला : "मुलगी लिहिते, वाचते. शिवाय प्रश्न विचारते. यासाठी तक्त्यात रकाना नाही. मार्गदर्शन व्हावे."

मार्गदर्शनासाठी अर्ज वर गेला. वरून आणखी वर गेला.

वर्षे गेली. सगुणी मोठी झाली, तिचे लग्न झाले, तिचा मुलगा सात वर्षांचा झाला. ती दरबारात अर्ज द्यायला गेली, तेव्हा नव्या कारकुनाने नम्रपणे सांगितले, "ताई, आधीचं प्रकरण निकाली निघाल्याशिवाय नवं घेता येत नाही. तोवर जैसे थे."

म्हातारा आजोबा बुरुजावर नातवाला घोंगडीत घेऊन बसला होता. टोला द्यायला आता सगुणी उठायची. त्याचे वाक्य मोडत नसे.

तात्पर्य : मूल घरी शिकते की पाठशाळेत हे पाहण्याआधी, त्याच्याजवळ सवडीने कोण बसते ते पाहावे.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.