मेहुण्याच्या हातातला दोर

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता ते मला ठाऊक नाही, आणि ज्या गावाची ही गोष्ट, त्या गावालाही ते धड ठाऊक नव्हतं. गाव डोंगराच्या कुशीत होतं. वर सरळ तुटलेला कडा, कड्याला लटकलेली आग्या माशांची मोहोळं, खाली दगडी घरं आणि एक लहानशी मशीद. सगळं गाव मध काढून पोट भरत असे. जन्नतमध्ये मधाच्या नद्या वाहतात हे ती माणसं ऐकून होती, आणि तिथे कडा उतरावा लागत नाही याचंच त्यांना जास्त अप्रूप होतं.

मध काढायची त्यांची रीत ठरलेली होती. एकाने कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचं, दुसऱ्याने वर बसून दोर धरायचा. वर तिसरं कुणी थांबायचं नाही. माशा उठल्या तर माणसं जितकी जास्त तितका गोंधळ जास्त. बाकीचे भांडी घेऊन टेकाडापलीकडे बसत आणि शिंग वाजलं की येत.

आता दोर धरणारा कोण? तर उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ. सख्खा भाऊ चालत नसे, मित्र चालत नसे, मेहुणाच लागे. म्हातारे सांगत, "भावाला वाटणी हवी असते. मेहुण्याला मात्र बहीण विधवा झालेली परवडत नाही." दोर झाडालाच का बांधत नाही, असं एखाद्या पाहुण्याने विचारलं तर म्हातारे म्हणत, "झाडाला कुठे बहीण असते?"

म्हणजे बघा, मुळात संशयातून निघालेली ही रीत, आणि गाव तिला विश्वास म्हणत होतं.

त्या गावात हारून नावाचा एक हिमतीचा गडी होता. त्याची बायको रुकय्या, आणि रुकय्याचा धाकटा भाऊ इद्रिस. इद्रिसला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. एके दिवशी हारून कड्याला लटकलेला असताना माशा उठल्या आणि वर आल्या. इद्रिसने चार-दोन डंख सोसले, मग दोर सोडला आणि पळत सुटला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्याने. हारून खालच्या झाडीत पडला म्हणून जीव वाचला, पण डावा पाय कायमचा अधू झाला. इद्रिस त्यानंतर गावात दिसला नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हारून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. शेजाऱ्याने सलाम केला तर याला काय हवं असेल, आणि नाही केला तर याच्या मनात काय असेल, यातच त्याचा दिवस जाई. मी त्याला हसत नाही. ज्याला घरच्याच माणसाने खाली सोडलं, त्याचं मन असंच होतं.

बरीच वर्षं गेली. इद्रिस परत आला तेव्हा त्याची दाढी पिकायला लागली होती. तो आधी मशिदीत गेला आणि इमामसाहेबांसमोर गुडघे टेकून बसला.

"तौबा केलीस?" इमामसाहेबांनी विचारलं.

"केली. रोज करतो. तरी झोप लागत नाही."

"अल्लाहचा जो गुन्हा केलास तो अल्लाह माफ करील, तो रहीम आहे. पण तू त्याच्या एका बंद्याचा पाय मोडलास. तो हक्क त्या बंद्याचा. माफी त्याच्याकडेच मागायला हवी."

"आणि त्यांनी नाहीच केलं माफ तर?"

"तर मागत राहा. उमेद सोडणं हासुद्धा गुन्हाच आहे."

अशी इद्रिसची जन्नतची सगळी आशा एका लंगड्या माणसाच्या जिभेवर येऊन अडकली. हारूनने 'माफ केलं' एवढं म्हणायचं होतं. त्यासाठी इद्रिस त्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला.

"दुल्हाभाई, मी तुमचा गुन्हेगार आहे. माफी मागायला आलोय."

"किती दिवस राहणार आहेस?"

"मरेपर्यंत."

"मग घाई कसली आहे?" असं म्हणून हारूनने दार लावून घेतलं.

इद्रिस गावाबाहेर एका झोपडीत राहू लागला. मिळेल ते काम करी आणि मिळालेल्यातलं अर्धं गोरगरिबांना देऊन टाकी. हारून म्हणे, "नाव कमावतोय." नमाजमध्ये इद्रिसचे डोळे भरून येत. हारून म्हणे, "मोहोळाचा धूर गेला असेल डोळ्यांत." इद्रिस कुणाशी फारसं बोलत नसे. हारून म्हणे, "काहीतरी शिजतंय." एकदा इद्रिसने त्याच्या दाराशी पाण्याचा घडा भरून ठेवला, तर हारूनने ते पाणी आधी शेळीला पाजलं आणि दुपारपर्यंत शेळीकडे बघत बसला. शेळीला काही झालं नाही. तेव्हा त्याचा संशय आणखी बळावला, कारण विष घालायचं तर माणूस पहिल्याच घड्यात कशाला घालील?

गावही काही मागे नव्हतं. 'करून करून भागला आणि देवपूजेला लागला' अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या गावात शब्द वेगळे असतील, पण खोच तीच होती. मशिदीत इद्रिस रांगेत उभा राहिला की शेजारचा माणूस किंचित सरके. खांद्याला खांदा लावून उभं राहावं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सरके.

इमामसाहेबांनी एकदा हारूनला समजावलं. "बेटा, पुष्कळसे संशय टाळा, असा अल्लाहचा हुकूम आहे."

"पाय तुमचा मोडला नव्हता," हारून म्हणाला.

रुकय्याही एकदा बोलली. "रोज त्याच्या हातांकडे बघता. एकदा तोंडाकडे बघा."

"तोंडाने दोर धरत नाहीत," हारून म्हणाला.

आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. माणूस दुष्ट नव्हता हो. त्याला फक्त एकदाची खात्री करून घ्यायची होती. पण खात्री करून घ्यायची असं म्हणत असतानाच त्याने निकाल मनात लावून ठेवला होता. इद्रिस पुन्हा पळेल, साऱ्या गावाला ते दिसेल आणि आपण इतकी वर्षं माफी अडवून धरली ते बरोबरच होतं हे सिद्ध होईल, हेच त्याला हवं होतं.

मोसमाच्या आरंभी त्याने चार लोकांत जाहीर केलं, "यंदा मी उतरणार. दोर इद्रिस धरेल. त्याने धरला तर मी त्याला माफ करीन."

लोक चाट पडले. लंगडा माणूस कडा उतरणार, आणि तोही याच्या भरवशावर! इद्रिसने हारूनचा हात धरून कपाळाला लावला. हारूनने तो लगेच काढून घेतला.

कड्याच्या काठापासून थोडं खाली एक कपार होती. तिथून वर यायला शेळ्यांची एक चोरवाटही होती. हारूनने आधीच एक गोणी धोंड्यांनी भरून, आपल्या वजनाची करून, त्या कपारीत ठेवली होती. सकाळी उन्हं आल्यावर गाव टेकाडापलीकडे जाऊन बसलं. हारून दोर बांधून काठावरून उतरला, कपारीत शिरला, कमरेचा दोर सोडून गोणीला बांधला आणि गोणी बाहेर ढकलली. दोर ताठ झाला. वर इद्रिसला वाटलं, दुल्हाभाई लटकले आहेत.

मग हारून घोंगडी पांघरून बसला आणि त्याने शेजारच्या मोहोळाखाली ओला पाला पेटवला. वारा खालून वर वाहत होता. धूर वर गेला आणि त्याच्याबरोबर माशाही. पाला जरा जास्तच पडला होता. एक मोहोळ उठलं, पाठोपाठ दुसरं उठलं, आणि कड्याचा माथा काळा झाला.

हारून दोराकडे बघत बसला. आता सुटेल. आता गोणी खाली आदळेल, आवाज ऐकून गाव धावत येईल. दोर थरथरला, पण सुटला नाही. हारूनने आणखी पाला घातला.

तरीही दोर सुटला नाही, तेव्हा हारूनच्या मनात लख्ख उजेड पडला. लबाडाने दोर झाडाला बांधला आणि पळाला! दुसरं काय असणार? त्याला जवळजवळ आनंदच झाला. त्याने पाला विझवला, माशा ओसरायची वाट पाहिली आणि चोर पकडायला निघाल्यासारखा शेळ्यांच्या वाटेने लंगडत वर आला.

झाडाला दोर नव्हता. इद्रिस जमिनीवर आडवा पडला होता. दोन्ही पाय एका खडकाला रोवलेले होते आणि दोर हातांना वेढे घालून आवळलेला होता. माशा अजून अंगावर होत्या. तोंड इतकं सुजलं होतं की डोळे उघडत नव्हते. पावलांची चाहूल लागताच तो जड जिभेने बोलला.

"भाऊ, कोण आहेस? जरा दोराला हात लाव. दुल्हाभाई खाली आहेत. माझा जोर संपत आलाय."

हारून खाली बसला, दोर धरला आणि दोघांनी मिळून गोणी वर ओढली. ती काठावर आली तशी इद्रिसने चाचपत हात पुढे केला. हाताला तरट लागलं, आत धोंडे लागले.

"हे काय? दुल्हाभाई कुठे आहेत?"

"मी इथे आहे, इद्रिस," हारून म्हणाला. "मी खाली नव्हतोच."

"म्हणजे पडले नाहीत?"

"नाही."

"अल्हमदुलिल्लाह," इद्रिस म्हणाला आणि त्याने दोर सोडला.

हारूनने शिंग फुंकलं. गाव भांडी घेऊन मधासाठी आलं आणि इद्रिसला उचलून खाली घेऊन गेलं. रुकय्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. इमामसाहेब आले. हारूनने सगळ्यांदेखत काहीही न लपवता सांगितलं आणि मग तो इद्रिसच्या पायाशी बसला.

"इद्रिस, मी तुला माफ केलं. पायाचं, पडण्याचं, सगळं माफ केलं. आता माझा गुन्हा तुझ्याकडे आहे. तू मला माफ कर."

इद्रिसची जीभ आता तोंडात मावत नव्हती. त्याने बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द उमटला नाही. हारूनच्या हातातला त्याचा हात मात्र एकदा आवळला गेला. दिवस मावळायच्या आत तो गेला.

जनाज्याच्या नमाजला सारं गाव आलं. त्या दिवशी कुणी सरकून उभं राहिलं नाही.

दफन झाल्यावर हारूनने इमामसाहेबांना विचारलं, "त्याला जन्नत मिळेल का?"

"अल्लाह जाणे. पण उमेद मोठी आहे. तुझ्याकडे एक अडसर होता, तो तू काढलास."

"आणि मला?"

"त्याने तुला माफ केलं असेल तर तुझाही निघाला."

"केलं असेल ना? त्याने हात दाबला होता."

"मग केलंच असेल."

हारून घरी आला. रुकय्या चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटवलेली नव्हती. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्यांदा माझ्या भावाने दोर सोडला आणि माझा नवरा अधू झाला. आता माझ्या नवऱ्याने खात्री करून घेतली आणि माझा भाऊ गेला. दोर कुणी धरायचा ते तुम्ही पुरुषांनी माझ्या नावाने ठरवलंत. मला कधी विचारलंत?"

हारूनने तिचीही माफी मागितली. रुकय्याने ती बऱ्याच काळाने दिली. दिली तेव्हा स्पष्ट शब्दांत दिली, म्हणून तिच्या बाबतीत त्याला शंका उरली नाही.

इद्रिसच्या बाबतीत मात्र उरली. हात दाबला तो माफीने, की वेदनेने? मनापासून, की जाताना कुणाचं मन दुखवू नये म्हणून? तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला तो गाठून विचारी, आणि प्रत्येक जण सांगे की ती माफीच होती. मग त्याला वाटे, हे लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतात. साऱ्या जगावर संशय घेण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला अखेर स्वतःला मिळालेल्या माफीवरही विश्वास ठेवता आला नाही. तो मशिदीत सगळ्यांच्या आधी येई, सगळ्यांच्या नंतर जाई आणि त्याचे डोळे भरून येत. तेव्हा मागच्या रांगेतला एखादा जण हळूच दुसऱ्याला विचारी, "खरंच रडतोय का रे हा?"

म्हणून लहानथोरांनी ध्यानात ठेवावं: कुणाची तौबा खरी आणि कुणाची खोटी हे जोखणं अल्लाहवर सोडावं, कारण जो माणूस ते काम आपल्या हाती घेतो, त्याच्यावर आधी स्वतःच तौबा करायची वेळ येते.