खारबोरीचे पहिले फळ

एका राज्यात, जिथे वाळू संपून समुद्र सुरू होई, तिथे खारबोरीचे रान होते. गुडघाभर उंचीची ती काटेरी झुडपे जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. त्यांची तांबूस फळे आधी खारट लागत, मग गोड. राजा धवलकीर्तीला तिथे महाल हवा होता. त्याच्या आज्ञेवरून केरोबा लाकूडतोड्याने तीन दिवसांत सारे रान तोडले.

त्या रानात एक मांत्रिकीण राहत असे. ती राजाला म्हणाली, "खारबोरी इथे पुन्हा फळेपर्यंत तुझ्या राज्यात माणसाला माणसाचा शब्द ऐकू येणार नाही." इतके बोलून ती पाण्यात विरघळली.

त्या क्षणापासून सर्वांच्या कानांत समुद्राची गाज भरली. केरोबाची मुलगी गोजा तेव्हा पाळण्यात होती. पुढे आईच्या ओठांकडे पाहून ती बोलू लागली. तिचे ओठ हलताना दिसत, आणि केरोबा मान फिरवी. रान कोणाच्या हातांनी तुटले, हे त्याला ठाऊक होते.

एके दिवशी किनाऱ्यावर एका कुरव पक्ष्याने त्याला हाक मारली. शाप माणसांच्या बोलण्याला होता, पक्ष्यांच्या नव्हे.

"खाडीच्या मुखाशी काळ्या खडकावर एक खारबोरी उरली आहे," कुरव म्हणाला. "वर्षातून एकाच ओहोटीला तिथवर वाट होते. तिच्या बिया तोंडात ओल्या ठेवून आण. इथे रुजव. आणि फळ पिकेपर्यंत तिला सोडून जाऊ नकोस."

"किती काळ?"

"सात वर्षे."

कुरव उडून गेला, तो पुन्हा आला नाही.

केरोबाने बायकोला खुणांनी निरोप दिला. तिला किती कळले, कोण जाणे. ओहोटीला तो खडकावर गेला आणि नऊ बिया तोंडात धरून परतला. त्यातल्या दोन रुजल्या. एक भरतीने नेली. उरलेल्या रोपाभोवती त्याने दगड रचले आणि तिथेच खोपट घातले. झुडपे गेल्यावर वाळू मोकळी झाली होती. ती तिथे बांधलेल्या महालात शिरली आणि राजाने महाल सोडला. पाचव्या वर्षी राजा एकटाच आला. त्याने गोड्या पाण्याची घागर रोपाला घातली. दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिले, मग राजा निघून गेला.

सातव्या वर्षी एका सकाळी टप् असा आवाज झाला. पिकलेले फळ वाळूवर पडले होते, आणि गाज कानांतून निघून समुद्रावर परत गेली होती.

राजाने त्या किनाऱ्यावर कुऱ्हाड नेण्यास कायमची बंदी केली. वाटेवर माणसे बोलत होती, भांडत होती, रडत होती. केरोबा घराशी आला. दारात एक मुलगी उभी होती.

"कोण हवंय आपल्याला?" तिने विचारले.

तिने पुन्हा विचारावे म्हणून केरोबा तसाच उभा राहिला.