हाड

मांजरं माणसांशी बोलायची तेव्हाची ही गोष्ट. तानूआत्यानं बेवारशी जनावरांच्या आसऱ्यातून एक बुजरा कुत्रा घरी आणला. आल्या आल्या तो पलंगाखाली शिरला, तो काही केल्या बाहेर येईचना.

आत्या रोज खाटकाकडून चांगली नळी आणायची आणि पलंगाशी वाकून मायेनं हाक मारायची, "हाड! हाड घे रे बाबा, हाड!" तसा कुत्रा आणखीच भिंतीला चिकटायचा. तिला वाटायचं, याला ऐकू कमी येतं. मग ती अजून मोठ्यानं ओरडायची.

शेवटी आत्या कावली. "उपाशी मरेल मेला माझ्या घरात! उद्या परत नेऊन सोडते."

पलंगाखालून बारीक कुईकुई ऐकू आली. चुलीपाशी बसलेल्या मांजरीनं कपाळावर पंजा मारून घेतला.

"अगं आत्या, त्याला जन्मभर दारोदार 'हाड' म्हणूनच हाकललंय. तू जेवायला बोलावतेस का घालवतेस, हे त्यानं कसं ओळखावं?"

"अगं बाई! मग हाडाला म्हणू तरी काय?"

"काही म्हणू नकोस! जरा गप्प बसता येतं का तुला?"

आत्या ताटली ठेवून, तोंडात पदर धरून बसली. फार जड गेलं तिला. बऱ्याच वेळानं पलंगाखालून नाक आलं, मग एक पाय. कुत्र्यानं हाड उचललं, आत वळला, थांबला, आणि तिथंच आत्याच्या पायाशी बसून चघळू लागला.

आत्याचे ओठ हलले. मांजरीनं डोळे वटारले. आत्यानं पदर आणखी आत कोंबला.