येसूची विरजणाची वाटी

पमे, गोधडी ओढू नकोस. सुलूलाही थंडी वाजते. नीट पांघरलीत तर पुरते ती दोघींना. आणि पाय स्वस्थ ठेवा. नाहीतर मी मधेच थांबेन आणि मग गोष्ट कुठवर आली होती ते मलाच आठवायचं नाही.

तर एक होतं गाव. त्या गावाला राजा नव्हता, पण म्हशी पुष्कळ होत्या. मला विचाराल तर म्हशीच बऱ्या. राजा कुठे दूध देतो?

त्या गावात घरोघरी दही लागायचं. दही कसं लावतात, ठाऊक आहे ना? कोमट दुधात कालचं चमचाभर दही घालायचं. तेच विरजण. रात्री घातलं की सकाळी भांडं भरून दही. आणि एखाद्या घरचं विरजण संपलं तर? तर वाटी घेऊन शेजारी जायचं. "काकू, विरजण द्या जरा," म्हणायचं. काकूच्या ओट्यावर टेकायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि वाटी घेऊन घरी यायचं. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. असं कितीतरी पिढ्या चाललेलं.

मग एकदा काय झालं, कुणा बाईच्या डोक्यात आलं, की विरजण दिलं म्हणजे घरची बरकतच उचलून दिली. कुणाच्या डोक्यात आलं ते विचारू नका, अशा गोष्टी कुणाच्या म्हणून नसतात. तिने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. मग काय, जिने तिने आपापली दह्याची भांडी झाकून ठेवली. शेजारीण वाटी घेऊन आली की, "आजच संपलं गं बाई." देणं थांबलं, तसं ओट्यावरचं बसणंही थांबलं. आणि दही तर, बरं का, कधी ना कधी बिघडतंच. कधी फार आंबतं, कधी मांजर तोंड घालतं. पूर्वी बिघडलं तर शेजार होता. आता मागायचं कुणाकडे? करता करता एकेका घरचं विरजण मेलं. कुणी लिंबू पिळून पाहिलं, कुणी मिरचीची देठं टाकली. दूध फाटलं, पण दही काही लागलं नाही.

त्या गावात होता एक गवळी, कोंडिबा त्याचं नाव. त्याची एक मुलगी होती, येसू. ती त्याला आबा म्हणायची. आई नव्हती. घरात होती गोजराआत्या, कोंडिबाची बहीण. आत्या कामाला वाघीण, पण तोंडाने फटकळ. येसू लहानपणी फार बोलायची. मांजराशी बोलायची, म्हशीशी बोलायची, चुलीशीसुद्धा बोलायची. एक दिवस आत्या वैतागली आणि म्हणाली, "किती बोलशील गं? शब्द संपतील एक दिवस." आत्या बोलून विसरली. पण येसूने ते धरून ठेवलं. तिला वाटलं, खरंच आपल्याला मोजके शब्द दिलेत. उगाच खर्चले आणि मग हवे तेव्हा उरलेच नाहीत तर? म्हणून ती जपून बोलायला लागली. मग फार जपून. मग बोलेनाशीच झाली. कुणी विचारलं, "येसू, जेवलीस का?" तर मान हलवायची. चार बाया दिसल्या की वाट बदलायची. लोक म्हणायचे, पोरगी घुमी आहे. घुमी कसली, आत शब्द नुसते दाटून आलेले असायचे बिचारीच्या.

मग कोंडिबा आजारी पडला. पोटात काही ठरेना. वाळून काडी झाला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "औषध नको. ताक द्या. ताक पोटात गेलं की माणूस उठेल. नाही गेलं तर मला पुन्हा बोलावू नका, उपयोग नाही."

आता ताक कुठून आणायचं? सगळ्या गावात दह्याचं नाव नाही. आत्या पदर तोंडाला लावून बसली. कोंडिबा अंथरुणावरून हळू म्हणाला, "डोंगरापलीकडे दह्याची म्हातारी राहते. आपल्या गावाचं पहिलं विरजण तिनेच दिलेलं. तिच्याकडे असेल."

आत्याचे गुडघे गेलेले. शेजारी एकमेकांची तोंडंही बघत नव्हते. राहिली कोण? येसू. डोंगराची नाही, बरं का, भीती वाटली ती वाटेत भेटणाऱ्या माणसांची. पण आबांकडे पाहिलं तिने, आणि निघाली.

चालली, चालली. वाटेला फाटे फुटले. एक शेतकरी नांगर धरून उभा होता. त्याला विचारावं तर शब्द खर्च होणार. येसू खाली मान घालून पुढे गेली. डोंगराला वळसा घातला आणि पाहते तर पुढे तोच शेतकरी, तोच नांगर. पुन्हा गेली, पुन्हा तिथेच आली. न विचारता चालणारं माणूस असंच गोल गोल फिरतं. शेवटी तिने सगळा धीर गोळा केला आणि म्हणाली, "म्हातारी कुठे?" एवढंच. शेतकरी हसला. "कधीची वाट बघतोय मी, ही पोर विचारते कधी. त्या पांढऱ्या धुराच्या रोखाने जा."

तो धूर नव्हताच मुळी. म्हातारी ताक घुसळत होती, आणि तिच्या डेऱ्यातून ढग निघून आभाळात चालले होते. तिचे केस सायीसारखे पांढरे. घरभर शिंकी टांगलेली, आणि शिंक्याशिंक्यात दही. म्हातारीने तळहाताएवढी वाटी काढली, तिच्यात विरजण घातलं आणि येसूच्या हातात दिली.

एवढंसंच? येसूच्या मनात आलं.

"हो, एवढंसंच," म्हातारी म्हणाली. "आता ऐक. वाटेत कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि देशील तेव्हा मुकाट्याने द्यायचं नाही. विरजणाबरोबर दोन शब्द द्यायचे."

"कुठले शब्द?"

"ते मला काय ठाऊक? समोर कोण बसलंय ते नीट बघ. आपण कशा दिसतो, आपण काय बोलू, याचा विचार नंतर कर."

येसू वाटी पदराखाली धरून निघाली. थोडी गेली तो एक धनगरीण भेटली. मांडीवर लोटा, लोट्यात दूध. "बाई, विरजण आहे का गं चमचाभर?" नाही म्हणायचं नव्हतं. येसूने डोळे जमिनीला लावले, चमचाभर काढलं, लोट्यात टाकलं आणि पळाली. पुढे जाऊन वाटीत बघते तर काय, चमचा एकच दिलेला, पण वाटी अर्धी रिकामी.

अशानं आबांना काय उरणार?

पुढे चिंचेखाली एक गाडीवान बैल सोडून बसला होता. भिकोबा त्याचं नाव. म्हातारा माणूस, हातात दुधाची कासंडी. "पोरी, विरजण असेल तर दे थोडं. आमच्या म्हातारीला दह्याशिवाय घास उतरत नाही." येसूने वाटी ओच्यात लपवली आणि म्हणाली, "नाही." म्हातारा रागावला नाही. "बरं," म्हणाला आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. येसू पुढे गेली. ओच्यातून वास यायला लागला. पाहते तर विरजण पिवळं पडलेलं, कडेला पाणी सुटलेलं. जपलं तेच नासलं. तळाशी बोटभर काय ते पांढरं राहिलं होतं.

मग तिला रडूच आलं. रडत रडत ती ओढ्यापाशी आली, तर तिथे आणखी कुणीतरी रडत होतं. एक नवी नवरी, हिरवा चुडा भरलेली. शेजारी दुधाचं भांडं. डोळे पुसत ती म्हणाली, "तुमच्याकडे विरजण आहे का हो? सासूबाईंनी दही लावायला सांगितलंय. घरचं संपलंय. शेजारी मागायचं, तर मी कालच आले. कुणाच्या दारात जाऊ? काय म्हणू?"

येसूने आपली वाटी पाहिली. बोटभर विरजण. ते दिलं तर आबांचं काय? तिचा हात पुढे होईना. मग म्हातारीचं बोलणं आठवलं, आणि तिने पहिल्यांदाच समोर नीट पाहिलं. समोर कोण होतं? तिच्यासारखीच एक पोर होती. दारात जायला घाबरणारी.

"मलाही भीती वाटते," येसू म्हणाली. "बाया दिसल्या की मी वाट बदलते."

"खरंच?" नवरीने डोळे पुसले. "मला वाटलं मी एकटीच अशी."

"तुझं नाव काय?"

"शेवंता. माहेरी शेवू म्हणतात. इथे अजून कुणीच हाक मारली नाही."

"शेवू," येसूने हाक मारली. मग तळाचं विरजण बोटाने निपटून तिच्या दुधात घातलं आणि म्हणाली, "एवढंच आहे. पण लागेल." मग तिने माहेरचं विचारलं. शेवूने सांगितलं. शेवूने तिच्या आबांचं विचारलं, येसूने सांगितलं. मग म्हशींची नावं निघाली, आत्याचं फटकळ बोलणं निघालं, आणि दोघी हसल्या. एका शब्दाने दुसरा येत होता, दुसऱ्याने तिसरा. येसूला नवल वाटलं. इतकं बोलले तरी संपत कसं नाही?

शेवू म्हणाली, "अगं, तुझी वाटी बघ."

वाटी काठोकाठ भरलेली. पांढरंशुभ्र, घट्ट विरजण.

येसूच्या जिवात जीव आला. आता सरळ घरी जायचं. पण वाटीच्या काठावर एक पिवळा डाग राहिला होता, पुसला तरी जाईना. तिला कळलं तो कशाचा. आबांची काळजी तर होतीच, पण तो डाग तसाच घेऊन तिला घरी जाववेना. ती आली तशी मागे पळाली.

गाडीवान बैल जुंपत होता. "बाबा," येसू धापा टाकत म्हणाली, "मघाशी मी खोटं बोलले. होतं माझ्याकडे. मला वाटलं, संपेल."

भिकोबा म्हणाला, "मला वाटलंच, पोरीच्या मागे काहीतरी काळजी आहे. कोण आजारी आहे घरी?" तिने सांगितलं. म्हाताऱ्याच्या कासंडीत विरजण घातलं, त्याच्या म्हातारीची चौकशी केली, आणि डाग गेला. "बस गाडीत," तो म्हणाला. "पायी जाशील तर उशीर होईल." वाटेत धनगरीण दिसली, कोकरं हाकत ती एव्हाना पुढे आली होती. येसूने गाडीतूनच म्हटलं, "मावशी, मघाशी बोललेच नाही मी. कोकरं किती गोड आहेत तुमची." धनगरीण इतकी खूश झाली की गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

मग घर आलं. आत्याने दूध कोमट केलं, येसूने विरजण लावलं. सकाळी भांडंभर दही. घुसळलं, ताक केलं, आणि आबांच्या तोंडाला लावलं. पहिला घोट पोटात राहिला. दुसरा राहिला. वाटीभर ताक पोटात ठरलं. दोन-चार दिवसांत आबा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "म्हशीची धार कोण काढतंय हल्ली?" आत्या तेव्हा रडली, इतके दिवस नव्हती रडली.

ही बातमी गावात पसरली. येसूच्या दारात बाया आल्या. सगळ्यांच्या हातात वाट्या, पण मागेल कोण? एकमेकींकडे पाठ करून उभ्या. येसू उंबऱ्यात आली. भीती वाटली का तिला? वाटली तर. पण आता तिला ठाऊक होतं, आधी समोर बघायचं. समोर होत्या साळूकाकू. "काकू," येसू म्हणाली, "तुमच्या रेडकाचा पाय बरा झाला का?" काकूंना वाटलं होतं, गावात कुणालाच आपली फिकीर नाही. त्या बोलायला लागल्या ते थांबेचनात. एक बाई मात्र तोंड वाकडं करून निघून गेली. येसूला वाईट वाटलं, पण थोडंच. तिच्यामागे आणखी कितीतरी जणी होत्या ना. मग एकेकीची वाटी भरली आणि ओट्यावर गलका सुरू झाला. तोंड वाकडं केलेली बाईही आली चार दिवसांनी.

पुढे एक दिवस काय झालं, येसूच्या घरीच विरजण उरलं नाही. मांजराने चाटून पुसून साफ केलं. म्हातारीची वाटी अगदी कोरडी. आत्याने ती उपडी करून दाखवली. "बघ. वाट आणखी. मी म्हणत नव्हते, संपेल म्हणून?"

येसूने वाटी घेतली, शेजारी गेली आणि म्हणाली, "साळूकाकू, विरजण द्या जरा." काकूंनी काठोकाठ भरून दिलं. मग दोघी ओट्यावर बसून अशा काही बोलत राहिल्या, की इकडे दूध पुन्हा तापवावं लागलं. शेवटी आत्या बोलवायला गेली, आणि तीही तिथेच बसली.

मग सगळी सुखाने नांदली, दहीभात खाऊन. आता डोळे मिटा. आणि पमे, ती समोर नवीन राहायला आलेली मुलगी अंगणात एकटीच सागरगोटे खेळते, तिला सकाळी नाव विचारून ये. हं. बघ, गोधडी पुरली की नाही दोघींना.