दोनशे अरुंद खाचा

डोंगराच्या पायथ्याला एक औद्योगिक वसाहत होती. तिथल्या एका छोट्या कारखान्यात यमुना लोंढे नावाची कारागीर सर्किट बोर्डांत खाचा पाडायची. शेतातली पाण्याची मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीत हे बोर्ड बसत. खाचेच्या एका अंगाला विजेचा जोराचा दाब, दुसऱ्या अंगाला माणसानं बोट लावायचं बटण. मधली खाच पुरेशी रुंद असली, की वीज पलीकडे जात नाही.

अकरा वर्षांत यमुनाचा एकही बोर्ड परत आला नव्हता. मालक इस्माईलभाई येईल त्याला हे कौतुकानं सांगत, आणि यमुनालाही ते ऐकायला आवडे.

एके दिवशी काम भरात होतं. दुपारी मशीनचं कटर बदलायचं होतं. पण हात थांबवायला नको, म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं. संध्याकाळी एका खाचेत मापाची पिन घातली, तर ती अडकली. दुसऱ्या खाचेतही अडकली. कटर झिजून बारीक झालं होतं आणि खाचा अरुंद पडल्या होत्या. दुपारनंतरचे दोनशे बोर्ड तर टेंपोत चढलेही होते.

शेजारी काम करणारी पारूबाई हळूच म्हणाली, "केसाएवढा तर फरक. कुणाला कळतंय? उगाच नाव घालवून बसशील."

यमुनाला क्षणभर ते पटलं. मग तिच्या डोळ्यांपुढे चिखलात अनवाणी उभं राहून ओल्या हातानं बटण दाबणारं कुणीतरी आलं. ती धावतच बाहेर गेली.

"भाई, गाडी सोडू नका. खाचा अरुंद पडल्यात. कटर मी बदललं नाही. चूक माझी आहे."

इस्माईलभाईंचा चेहरा उतरला. टेंपोवाला कुरकुरला. भाईंनी एक बोर्ड काढून उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"अगं, पार्ट तर पुढच्या कारखान्यात बसतात, यावर अजून एकही बसलेला नाही. नवं कटर लाव, खाच रुंद होईल. पार्ट बसल्यावर कळलं असतं, तर सगळे भंगारात गेले असते!"

खोकी उतरली. पारूबाईच एकेक बोर्ड यमुनाच्या हाताशी देऊ लागली. रात्री उशिरा शेवटच्या खाचेतून पिन अलगद आरपार गेली. यमुनानं हातांवरची भुकटी झटकली आणि दाराशी बसून निवांत चहा प्यायली.

तात्पर्य: झाकलेली चूक दुसऱ्याच्या जिवावर उठते, वेळेवर सांगितलेली चूक आपल्याच हातानं निस्तरता येते.