एकही पांढरा केस नसलेला ससा

ज्याच्या काळ्या सशावर एकही पांढरा केस नसेल, त्याला राजेसाहेब मानाचं कडं देणार होते. "खोट दाखवा, नाहीतर कडं आमचंच!" सरदार हैबतराव मिशीवर ताव देत म्हणाले.

हैबतरावांच्या सशाचे पांढरे केस चिमट्यानं उपटलेत, हे आपला ससा कुशीत घेऊन स्पर्धेला आलेल्या म्हाताऱ्या सटवाजीनं लगेच ओळखलं. त्याला राहवलं नाही. "सरकार, सगळे ससे महिनाभर इथंच ठेवून घ्या. उपटलेला केस तोवर उगवतोच."

हैबतरावांनी पिंजरा उचलून काढता पाय घेतला. पाठोपाठ एकेक करत सगळेच निघाले.

"म्हणजे कडं तुझं!" राजेसाहेब हसले.

सटवाजीच्या कुशीतला ससा अजून थरथरत होता. सटवाजीनं मान खाली घातली. "नाही, सरकार. स्वतः चिमटा चालवल्याशिवाय ही अक्कल येते होय?"