पुलाच्या तोंडाशी असलेला पडदा

एका गावात नदीवर एक ठेंगणा फरशीपूल होता आणि पुलाच्या तोंडाशी संगणकाचा एक पडदा होता, घराच्या दाराएवढा. धरणावरून पाणी सोडल्याची वर्दी आली की त्यावर एकच शब्द उमटे: 'थांबा'. एरवी 'जा'. पलीकडच्या काठावरूनही वाचता यावा म्हणून तो शब्द पडदाभर मोठा असे.

पडद्याचा राखणदार मनाने चांगला होता. पण भिडस्त इतका, की कुणाला नकार द्यायचा म्हटलं की त्याची जीभच उचलत नसे. अशांचा चांगुलपणा एक दिवस कुणाच्या तरी मुळावर येतो.

एकदा व्यापारी आला. "एवढ्या पडद्यावर एकच शब्द? जागा वाया चाललीय! कोपऱ्यात हळदीचा भाव टाक की."

त्याने टाकला. मग भजनी मंडळाचा कार्यक्रम आला, दुकानाची जाहिरात आली. शेवटी सरपंचांचा वाढदिवस आला. त्यांचा हसरा फोटो, आणि खाली शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं. कुणाचं तोंड गाळणार? गावात राहायचं होतं. दर वेळी तो 'थांबा'लाच आणखी बारीक करी, कारण तक्रार न करणारा तेवढाच एक होता.

बायको म्हणाली, "अहो, पलीकडून काही वाचता येत नाही बरं का. नुसते रंग दिसतात."

"होईल गं सवय," तो म्हणाला.

भाद्रपदातली दुपार. गावात ऊन होतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळला आणि धरणाचे दरवाजे उघडले. पडद्यावर 'थांबा' आलं, सरपंचांच्या खांद्याखाली, बोटाच्या पेराएवढं. पलीकडे त्याची बायको माहेराहून परतली होती. तिने कपाळावर हात धरून पडद्याकडे पाहिलं. वाचायचा फार प्रयत्न केला बिचारीने. मग पदर खोचून ती पुलावर उतरली.

तो घसा फाटेस्तोवर ओरडला. पाण्याच्या आवाजात काय ऐकू जाणार? लोंढ्याने तिला त्याच्या डोळ्यांदेखत नेलं.

तिसऱ्या दिवशी सरपंच डोळे पुसत आले. "वहिनी फार गुणाच्या होत्या रे. पडद्यावर श्रद्धांजली टाक. मोठा फोटो, आणि खाली आम्हा सगळ्यांची नावं."



"नाही," राखणदार म्हणाला, आणि ढसाढसा रडू लागला.

तात्पर्य: एकाच जागेत सगळ्यांचं मन राखायला गेलं, की जीव राखणारी गोष्टच दिसेनाशी होते.